पलटणीचा शिपाई आणि पांढरपेशा समाज

शिवजयंतीची मिरवणूक ज्या घराच्या सज्जांतून अभिमानानें पाहिली जाते, त्याच घरांतील मुलानें एके दिवशीं आपण सैन्यांत शिपाई म्हणून भरती होणार असें सांगितलें, तर काय होतें? वडील माणसें क्षणभर गप्प होतात, आणि मग पहिला प्रश्न येतो, "कां रे, दुसरें कांहीं मिळत नाहीं का?" या प्रश्नांत माया आहे आणि काळजीही आहे, यांत शंका नाहीं. परंतु त्या दोहोंच्या आड आणखी एक गोष्ट दडलेली असते. ज्याला दुसरें कांहीं साधलें नाहीं त्यानें पत्करावयाची वाट म्हणजे शिपाईगिरी, ही ती समजूत होय. पुढें कधीं तरी शेजारच्या तालुक्यांतील एखादा जवान सीमेवर कामास आला, तर हींच माणसें सद्गदित होतात, वर्तमानपत्रांतील त्याचें छायाचित्र मुलांना दाखवितात, आणि त्या भावनेंतही खोटेपणा नसतो.

अशा रीतीनें एकाच घरांत शिपायाविषयीं दोन मतें सुखानें नांदत असतात. एक दुसऱ्याच्या मुलासाठीं असतें, दुसरें स्वतःच्या मुलासाठीं. भारतांत सक्तीची लष्करी नोकरी नाहीं. येथील प्रत्येक सैनिक स्वतः होऊन भरती झालेला असतो. त्यामुळें जे जातात त्यांच्याकडे न जाणारे कोणत्या दृष्टीनें पाहतात, या प्रश्नाला येथें विशेष महत्त्व आहे. महाराष्ट्रांत ही दृष्टि कशी घडत गेली, याचा विचार करूं लागल्यास सुमारें दोनशें वर्षें मागें जावें लागतें.

शिवकालीन सैन्यांत शिलेदार आणि बारगीर असे दोन प्रकारचे स्वार असत. शिलेदार स्वतःचें घोडें घेऊन येई. बारगिराला तें सरकारांतून मिळे. दोघेही वेतन घेत, आणि तें वेतन शक्यतों रोख द्यावें असा शिवाजीमहाराजांचा कटाक्ष असे. पावसाळा सरला, दसऱ्याचें सीमोल्लंघन झालें, कीं शेतावरचाच माणूस मोहिमेवर निघे. भाकरीसाठीं हत्यार धरणें आणि धन्याशीं इमान राखणें या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात, असें त्याला किंवा त्याच्या गांवाला वाटण्याचें कारण नव्हतें. पुढें पेशवाईंत पगार तुंबूं लागले, शिपाई सरदाराच्या दारांत धरणें धरून बसूं लागले. पण त्यांतही लाज वाटावयाची ती पगार थकविणाऱ्यास.

१८१८ मध्यें पेशवाई बुडाली. कंपनीच्या पलटणी त्यापूर्वींच उभ्या राहिल्या होत्या. तेथें पगार दरमहा हातांत पडे आणि म्हातारपणीं पेन्शन मिळे. शिपाई तोच, त्याचें गांवही तेंच. निशाण मात्र परक्याचें झालें. येथून 'पोटार्थी' हें विशेषण त्याला चिकटूं लागलें. तें चिकटविणाऱ्यांत त्याच परक्या सरकारच्या कचेऱ्यांत कारकुनी, मामलत आणि वकिली करणारे पुष्कळ होते, ही गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. खुर्चीवर बसून घेतलेला पगार ही प्रतिष्ठा ठरली, आणि छातीवर गोळी झेलण्याची तयारी ठेवून घेतलेला पगार हें पोट ठरलें. शिपायाकडे पाहण्याच्या पांढरपेशा दृष्टीचा उगम बराचसा येथें आहे.

याच नोकरीची दुसरी बाजू कोंकणांतल्या आणि देशावरच्या महार वस्त्यांत दिसून येते. कंपनीच्या मुंबई सैन्यांत महार शिपाई मोठ्या संख्येनें होते. १ जानेवारी १८१८ रोजीं भीमेकांठीं कोरेगांव येथें झालेल्या लढाईच्या स्मारकस्तंभावर, पडलेल्यांचीं जीं नांवें कोरलेलीं आहेत, त्यांतील २२ नांवें 'नाक' या प्रत्ययावरून महार शिपायांचीं म्हणून ओळखतां येतात. ज्याला गावच्या विहिरीवर पाय ठेवण्याची मनाई होती, त्याला पलटणींत हुद्दा मिळे आणि त्याचीं मुलें सैनिकी शाळेंत अक्षरें गिरवीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील, सुभेदार रामजी सकपाळ, हे अशाच एका सैनिकी शाळेचे मुख्याध्यापक होते, आणि बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजीं महूच्या लष्करी छावणींत झाला.

त्याच सुमारास हें दार लागलें. कांहीं जाती जन्मतःच लढवय्या आणि बाकीच्या सैन्यास निरुपयोगी, असा एक सिद्धांत इंग्रज सेनाधिकाऱ्यांत रूढ झाला होता. सरसेनापति लॉर्ड रॉबर्ट्स हे त्याचे मोठे पुरस्कर्ते. १८९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत महारांची भरती थांबली. स्वतः पलटणींत नोकरी करून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर यांनीं १८९४ मध्यें दापोलीस या बंदीविरुद्ध अर्ज लिहिला. शिवराम जानबा कांबळे यांनीं १९१० मध्यें थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. या अर्जांतील मागणी मोठी आगळी आहे. प्राण धोक्यांत घालण्याची परवानगी हे लोक मागत होते, कारण त्या परवानगीच्या मागोमाग माणूस म्हणून मोजलें जाण्याची आशा होती. १९१७ मध्यें युद्धाची निकड भासतांच महारांची १११ वी पलटण उभारण्यांत आली. निकड सरतांच १९२१ मध्यें ती मोडण्यांत आली. दुसऱ्या महायुद्धाच्या दडपणाखालीं, आणि डॉ. आंबेडकरांच्या पाठपुराव्यामुळें, १९४१ मध्यें बेळगांव येथें महार रेजिमेंट स्थापन झाली व ती भारतीय सैन्यांत कायम झाली. ज्या नोकरीविषयीं एका वस्तींत "दुसरें कांहीं मिळत नाहीं का" असें विचारलें जात होतें, तीच मिळावी म्हणून दुसऱ्या वस्तींत पन्नास वर्षें धडपड चालू होती.

पहिल्या महायुद्धांत हिंदुस्थानांतून दहा लाखांहून अधिक माणसें समुद्रापलीकडे गेलीं; त्यांतील ७४ हजारांहून अधिक परत आलीं नाहींत. येथें सक्तीच्या भरतीचा कायदा नव्हता. तथापि युद्धाच्या अखेरीस पंजाबांत गांवोगांव आंकडे ठरवून माणसें उभीं केलीं जात, तेव्हां 'स्वेच्छा' हा शब्द पुष्कळ ठिकाणीं नांवापुरताच उरला होता, हेंही विसरून चालणार नाहीं. सातारा जिल्ह्यांतील अपशिंगे या एकट्या गांवचे ४६ जण त्या युद्धांत कामास आले. 'मिलिटरी अपशिंगे' हें त्या गांवाचें नांव पुढें सर्वतोमुखीं झालें. पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमधील १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी मेसोपोटेमियांत तैग्रिस नदीच्या कांठीं कुत येथें डिसेंबर १९१५ मध्यें वेढ्यांत सांपडल्या. १४७ दिवस तो वेढा चालला. अन्न संपत आलें, सुटकेसाठीं आलेलें सैन्य पोंचूं शकलें नाहीं, आणि २९ एप्रिल १९१६ रोजीं सेनापतीनें शरणागति पत्करली. त्यानंतर वाळवंटांतील वाटचालींत आणि तुर्कांच्या कैदेंत कित्येकांचा अंत झाला.

हे शिपाई दूरदेशीं असतांना घरच्या पुढाऱ्यांत भरतीविषयीं मोठा वाद चालू होता. लोकमान्य टिळकांची भूमिका अशी, कीं लढावयास माणसें द्यावयाचीं तर त्यांना अधिकाराच्या जागाही मिळाल्या पाहिजेत. १० जून १९१८ रोजीं मुंबईच्या गव्हर्नरांनीं बोलाविलेल्या युद्धपरिषदेंत टिळक स्वराज्याचा विषय काढूं लागले तेव्हां त्यांना अडविण्यांत आलें, आणि ते सभा सोडून निघून गेले. हिंदी लोकांना अधिकारपदें देण्याचें वचन सरकारकडून मिळाल्यास महाराष्ट्रांतून पांच हजार माणसें भरती करून देऊं, न जमल्यास दंड म्हणून ही रक्कम जप्त व्हावी, असें सांगून त्यांनीं गांधीजींकडे ५० हजार रुपयांचा चेक पाठविला. गांधीजींनीं तो परत केला. त्यांना मदत विनाअट द्यावयाची होती. ते स्वतः त्याच वर्षीं खेडा जिल्ह्यांत भरतीसाठीं गांवोगांव हिंडले. सारा न भरण्याच्या सत्याग्रहांत ज्या शेतकऱ्यांनीं आपल्या गाड्या फुकट दिल्या होत्या, तेच आतां भाड्यानेंही गाडी देईनात. अहिंसा सांगणारा मनुष्य हत्यार धरावयास कसें सांगतो, आणि या सरकारनें आमचें असें काय भलें केलें आहे, असे प्रश्न त्यांना तोंडावर विचारण्यांत आले.

हा वाद थोरांचा होता आणि त्यांत दोन्ही बाजूंनीं तत्त्वाचा आग्रह होता. पण त्यांत ज्याच्याविषयीं बोलणें चाललें होतें, तो शिपाई बहुधा बोलत नव्हता. स्वराज्याच्या सौद्यांतील तो एक आंकडा होता. अपशिंग्याच्या घरांत मात्र आंकडा नव्हता. तेथें दरमहा येणारी मनीऑर्डर होती, आणि ती येईनाशी झाली म्हणजे काय समजावयाचें, हें घरांतील बायकांना कोणीं सांगावें लागत नव्हतें.

दुसऱ्या महायुद्धांत हें अंतर आणखी वाढलें. त्या वेळीं हिंदी सैन्याची संख्या २५ लाखांच्या घरांत गेली. केवळ स्वेच्छेनें भरती झालेलें एवढें मोठें सैन्य त्यापूर्वीं कोठेंही उभें राहिलें नव्हतें, असें मानतात. पण याच काळांत, १९४२ मध्यें, 'चले जाव'चा लढा पेटला. सातारा जिल्ह्यांत क्रांतिसिंह नाना पाटील यांचें प्रतिसरकार उभें राहिलें, आणि त्याच जिल्ह्यांतील तरुण मराठा पलटणींतून आफ्रिकेंत व इटलींत लढत होते. एकाच मातींतील एक मुलगा सरकारचे खजिने लुटीत होता आणि दुसरा सरकारची बंदूक वाहत होता. दोघांच्याही अंगीं धैर्य होतें. त्यांतील एकाचें धैर्य पोवाड्यांत गेलें. दुसऱ्याचें बहुतांशीं पलटणीच्या दप्तरांतच राहिलें.

कुलाबा जिल्ह्यांतील, म्हणजे हल्लींच्या रायगड जिल्ह्यांतील, माणगांव भागाचे नाईक यशवंत घाडगे यांची गोष्ट या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे. १० जुलै १९४४ रोजीं इटलींत तैबर नदीच्या खोऱ्यांत त्यांच्या तुकडीवर जवळून मशीनगनचा मारा झाला आणि त्यांच्याखेरीज सारे मेले किंवा जखमी झाले. घाडगे एकटेच त्या तोफखान्यावर चालून गेले. हातगोळ्यानें त्यांनीं ती गन बंद पाडली, एकाला गोळी घातली, आणि काडतुसें भरावयास वेळ नाहीं असें पाहून उरलेल्या दोघांवर बंदुकीच्या दस्त्यानें प्रहार केले. लगेच लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनीं ते पडले. त्यांचें वय २२ वर्षांचें होतें. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यांत आला. हा तरुण पगारासाठीं भरती झाला होता कीं नांवासाठीं, ही चिकित्सा त्या शेवटच्या कांहीं पावलांपुढें अगदीं पोरकट वाटूं लागते.

जनमत किती लवकर फिरतें, याचें उदाहरण मुंबईनें फेब्रुवारी १९४६ मध्यें पाहिलें. आरमारांतील खलाशांना निकृष्ट अन्न मिळे, गोऱ्या अधिकाऱ्यांची अर्वाच्य भाषा ऐकावी लागे, आणि भरतीच्या वेळीं दिलेलीं आश्वासनें हवेंत विरलीं होतीं. १८ फेब्रुवारी रोजीं 'तलवार' या केंद्रांतील खलाशांनीं संप पुकारला आणि तो बघतां बघतां बंदरांतल्या जहाजांवर व इतर शहरांत पसरला. कालपर्यंत ज्यांना सरकारचे ताबेदार म्हटलें जाई, त्यांच्यासाठीं मुंबईकर अपोलो बंदरावर जेवणाच्या पुडक्या घेऊन धांवले. गिरणीकामगार रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, आणि दोनशेंहून अधिक नागरिक प्राणांस मुकले. २३ फेब्रुवारीला पुढाऱ्यांच्या सल्ल्यानें खलाशांनीं शरणागति पत्करली. पुढच्याच वर्षीं स्वातंत्र्य मिळालें. पण या संपापायीं ज्यांना नोकरींतून काढण्यांत आलें होतें, त्यांना स्वतंत्र भारताच्या आरमारानें परत घेतलें नाहीं. शिस्तीच्या दृष्टीनें त्यास कारणें दाखवितां येतील. तथापि पुडक्या घेऊन धांवलेल्या शहरानें, त्या मुलांचें पुढें काय झालें, याची विचारपूस फारशी केली नाहीं, हेंही तितकेंच खरें आहे.

स्वातंत्र्यानंतर शिपाई परक्याचा राहिला नाहीं. १९६५ मध्यें पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनीं 'जय जवान, जय किसान' ही घोषणा दिली आणि जवान हा शब्द आदराचा झाला. पुण्यापासून हांकेच्या अंतरावर खडकवासल्यास राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी उभी राहिली. देशांतील पहिली सैनिक शाळा १९६१ मध्यें साताऱ्यांत निघाली. तरीही अधिकारीवर्गांत मराठी मुलें कमी दिसतात, ही खंत वाढत गेली, आणि अखेर प्रबोधिनीच्या परीक्षेसाठीं मुलें तयार करणारी एक संस्था राज्य सरकारला १९७७ मध्यें औरंगाबादेस, म्हणजे हल्लींच्या छत्रपति संभाजीनगरास, काढावी लागली. प्रबोधिनी दाराशीं असूनही मुलांना तिकडे वळविण्यासाठीं निराळी खटपट करावी लागावी, यावरून सुशिक्षित घरांतील त्या जुन्या प्रश्नाचा जोर ध्यानांत येतो. २०२२ पासून त्याच प्रबोधिनींत मुलीही दाखल होऊं लागल्या. तेव्हां आतां तो प्रश्न कांहीं घरांत मुलींनाही विचारला जात असेल.

सामान्य जवानाची कथा याहून वेगळी आहे. तो अठरा-वीस वर्षांच्या वयांत भरती होतो, आणि जुन्या पद्धतींत पंधरा ते सतरा वर्षें नोकरी करून ऐन पस्तिशी-चाळिशींत निवृत्त होतो. तेव्हां त्याचीं मुलें शाळेंत असतात, आईबाप थकलेले असतात, आणि पेन्शनवर सर्व भागत नाहीं. मग तो शहराकडे येतो. बँकेच्या दारांत, कारखान्याच्या फाटकांत, गृहनिर्माण संस्थेच्या आवारांत जो गणवेषधारी मनुष्य रात्रभर बसलेला असतो, त्यांतील कित्येकजण पूर्वाश्रमीचे हवालदार आणि नाईक असतात. बर्फांत उभें राहिलेल्या या माणसाला, त्याच्या निम्म्या वयाचीं मुलें "ए वॉचमन, गाडी काढ" म्हणून हांक मारतात. प्रजासत्ताकदिनाच्या सकाळीं त्याच आवारांत ध्वजवंदन होतें, जवानांच्या त्यागावर भाषण होतें, आणि तो फाटकापाशीं ताठ उभा राहून तें ऐकतो. त्याचें नांव भाषण करणाऱ्यास ठाऊक असतेंच असें नाहीं.

१४ जून २०२२ रोजीं केंद्र सरकारनें 'अग्निपथ' योजना जाहीर केली. तीनुसार भरती होणाऱ्या 'अग्निवीरां'ची मुदत चार वर्षांची असून, त्यांतील २५ टक्क्यांपर्यंत तरुणांस पुढें कायम करावयाचें असें ठरलें. बाकीच्यांना एकरकमी निधि द्यावयाचा, पेन्शन नाहीं. सैन्य तरुण राहावें आणि पेन्शनचा बोजा आंवरावा, ही तिच्यामागची भूमिका. तिच्याविरुद्ध अनेक राज्यांत उग्र निदर्शनें झालीं, कांहीं ठिकाणीं आगगाड्या जाळण्यांत आल्या. त्या हिंसेचें समर्थन कोणीं करूं नये. परंतु त्या क्षोभांत असे तरुणही होते, कीं जे करोनाच्या सांथीपूर्वीं किंवा त्या काळांत धांवण्याची व शरीराची परीक्षा उतरून लेखी परीक्षेची वाट पाहत दोन वर्षें थांबले होते, आणि ज्यांना आतां पुन्हां पहिल्यापासून अर्ज करण्यास सांगण्यांत आलें. त्या दिवसांत शहरांतील दिवाणखान्यांत एक उद्गार वारंवार ऐकूं येई : "देशसेवा करावयाची, तर पेन्शन कशाला पाहिजे?" योजना बरी कीं वाईट, हा स्वतंत्र वादाचा विषय आहे. परंतु हा उद्गार मात्र बारकाईनें तपासण्यासारखा आहे. जो शिपाई पगाराचा विचार करतो तो पोटार्थी, आणि जो करीत नाहीं तोच देशभक्त, अशी ही जुनीच वांटणी आहे. १८१८ नंतरची ती दृष्टि नव्या कपड्यांत पुन्हां दारांत उभी राहिली आहे.

वस्तुतः डॉक्टर फी घेतो म्हणून त्याच्या सेवेविषयीं कोणी शंका घेत नाहीं. शिक्षकाला वेतनवाढ हवी असते, तरी त्याचें विद्यादान पवित्रच मानतात. पोट आणि अभिमान, घरची गरज आणि गांवची परंपरा, साहसाची ओढ आणि देशाची माया, या सर्व गोष्टी एकाच तरुणाच्या मनांत एकत्र असूं शकतात. शिलेदाराच्या मनांतही त्या एकत्रच होत्या. ज्यांना युद्धच मान्य नाहीं, त्यांची भूमिकाही आदरणीय आहे; कोणत्या युद्धांत उतरावें आणि कोणत्या नाहीं, हें ठरविण्याचा अधिकार नागरिकांनीं कधींही सोडूं नये. पण तो निर्णय शिपाई घेत नाहीं. निर्णय नागरिक व त्यांचे प्रतिनिधि घेतात, आणि शिपाई त्याची किंमत देतो. म्हणून युद्धाविषयींचा राग त्याच्यावर काढणें जसें अन्यायाचें, तसेंच युद्धाच्या उत्साहांत त्याला देव करून, देवाला पेन्शन लागत नाहीं असें म्हणणेंही अन्यायाचेंच.

जेथें सक्ती नाहीं, तेथें न जाणाऱ्यांनाही एक देणें लागतें. कोणीतरी स्वतः होऊन उभा राहतो, म्हणून इतरांच्या मुलांना उभें राहावें लागत नाहीं. अशा माणसाचा हेतु तपासत बसण्यापेक्षां, त्याला कोणत्या अटींवर बोलाविलें आणि त्या अटी पाळल्या कीं नाहीं, याचा हिशेब ठेवणें अधिक सरळ आहे. हा हिशेब सरकारनें ठेवावाच. पण त्याचा एक लहानसा भाग घराघरांतही ठेवतां येण्यासारखा आहे. आवाराच्या फाटकांत बसलेल्या माणसाचें नांव काय, तो कोणत्या पलटणींत होता, आणि त्याचा मुलगा हल्लीं कितवींत आहे, हें विचारावयास कोणत्याही समारंभाची गरज नाहीं. आणि घरांतलाच मुलगा उद्यां भरती होतों म्हणाला, तर काळजी अवश्य वाटावी. मात्र "दुसरें कांहीं मिळत नाहीं का" असें म्हणण्यापूर्वीं, हें वाक्य फाटकापाशीं बसलेल्या त्या नाईकाच्या कानांवर गेलें तर त्याला काय वाटेल, याचा विचार क्षणभर मनांत यावा.